साडेअकराची पोस्ट

रुपालीची नोकरी गेल्याची बातमी रुपालीला सगळ्यात शेवटी कळली. तीही लिंक्डइनवर.

दिग्विजय सरांनी अकराला केबिनमध्ये बोलावलं होतं, "छोटीशी चर्चा" म्हणून. साहेबांचाच पत्ता नव्हता. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलोय, बस जरा, असा मेसेज आला, म्हणून ती केबिनबाहेरच्या खुर्चीवर बसून राहिली. मनात पगारवाढ होती. मागच्याच महिन्यात तिने आईला, सुशीलाबाईंना, अकोल्याचं बिऱ्हाड मोडून कायमचं इथे आणलं होतं. पगार वाढला तर आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्टवालं घर बघायचं, एवढा साधा बेत.

बारा वाजत आले तेव्हा जुन्या कंपनीतल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. "फार वाईट वाटलं गं. पण तुझे सर किती ग्रेट आहेत!" खाली लिंक.

लिंक उघडली तर दिग्विजय सरांचा फोटो. खिडकीशी बसलेले, डोळे ओलसर. शेजारी रुपालीचा, ऑफिसच्या दिवाळीतला, नऊवारीतला. मजकूर इंग्रजीत होता, मराठीत सांगायचं तर असा: "आज माझ्या आयुष्यातला सर्वांत जड दिवस. आमच्या कुटुंबातल्या रुपालीला मला निरोप द्यावा लागला. ती रडली. मीही रडलो. जाताना वाकून पाया पडली आणि म्हणाली, सर, तुम्ही मला घडवलंत. मित्रांनो, हिला नोकरी द्या. प्रोफाइल खाली देतोय."

कुटुंब म्हणे! आणि पाया पडली कोणाच्या? पाय अजून गाडीच्या ब्रेकवर होते.

खाली कौतुकाचा नुसता पूर. "खरा लीडर." "असा बॉस प्रत्येकाला मिळो." कुणी हात जोडलेले, कुणी लाल बदाम पाठवलेले. बाईला काम काय येतं, हे एकानेही विचारलं नव्हतं. रुपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या टेबलावरून अक्षताने मान लांबवून सगळं वाचलं. दोघी एकाच दिवशी इथे कामाला लागल्या होत्या. "शी!" एवढंच ती म्हणाली आणि घाईने मान खाली घातली, कारण साहेब येत होते.

"सॉरी, सॉरी. ये आत." दिग्विजयने एसी लावला, टिश्यूचा डबा तिच्यापुढे सरकवला आणि आवाज बारीक केला. "रुपाली, हे सांगणं मला अजिबात सोपं नाहीये."

"सोपं गेलंय की सर. पाचशेवर लाइक्स आहेत."

त्याने फोन काढला आणि त्याचा चेहरा पडला. "अरे यार! शेड्यूल करून ठेवली होती मी. साडेअकरापर्यंत आपलं उरकलं असतं ना. हे नगर रोडचं ट्रॅफिक म्हणजे..." म्हणजे चूक कोणाची, तर ट्रॅफिकची!

"मी रडले कधी, सर?"

"तसं नाही गं. लोकांना जरा इमोशनल कनेक्ट लागतो."

"डिलीट करा."

"करतो ना. पण रीच बघ, किती लोकांपर्यंत गेलीये!" बोलताबोलता त्याचा अंगठा स्क्रीनवर फिरतच होता. "आत्ता काढली तर नुकसान तुझंच. दोन कंपन्यांनी तुझी चौकशी केलीये."

ते मात्र खरं होतं. तिच्या इनबॉक्समध्ये दोन मेसेज येऊन पडले होते. त्याचाच तिला जास्त संताप आला. नोकरी तर हवीच होती. मोडून आलेल्या बिऱ्हाडात आईला परत कुठल्या तोंडाने पाठवायचं?

"तू फक्त एक कर," दिग्विजय म्हणाला. "खाली छानशी कमेंट टाक. थँक यू सर, खूप शिकले, असं काहीतरी. ते लोक रेफरन्ससाठी शेवटी मलाच फोन करणार ना?" आणि वर हसला. धमकी द्यायची तीसुद्धा लाडीगोडी लावून.

"टाकते," रुपाली म्हणाली आणि टाइप करायला लागली. चांगला वेळ घेऊन केलं. तो फोनकडे डोळे लावून बसला.

"दिसत नाहीये अजून."

"तुमच्या पोस्टखाली नाही टाकली, सर. उडवाल तुम्ही. माझ्या प्रोफाइलवर टाकलीय. तुम्हाला टॅग केलंय."

त्या प्रोफाइलवर तिने आजवर एक शब्द लिहिला नव्हता. आता तिथे साहेबांच्या पोस्टचा स्क्रीनशॉट होता, आणि त्यावर मराठीत चार ओळी:

"ही पोस्ट वाचली तेव्हा मी सरांच्या केबिनबाहेर त्यांची वाट बघत बसले होते. मला काढलंय हे तेव्हा मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी रडले नाही, कोणाच्या पाया पडले नाही. पेरोलचं काम सहा वर्षं केलंय, चोख येतं. नोकरी हवी आहे. रेफरन्ससाठी यांना फोन करू नये."

दिग्विजयच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "काढ हे. आत्ताच्या आत्ता काढ! या शहरात तुला कोणी दारात उभं करणार नाही, सांगून ठेवतो." कुटुंबप्रमुख कुठल्या कुठे पळाला होता.

तेवढ्यात पोस्टला पहिला लाइक आला. अक्षताचा. दिग्विजयने मान वळवून काचेतून बाहेर पाहिलं. अक्षता आपल्या स्क्रीनवर नजर रोखून बसली होती, पण तिने लाइक काढला नाही.

रुपाली उठली. टिश्यूचा डबा उचलून तिने त्याच्यापुढे ठेवला.

"'मीही रडलो' असं लिहिलंय, सर. तेवढं तरी खरं करा."