काकूंचा उजवा डोळा

"डोळ्यात टोचतंय गं," गोळीकाका म्हणाले आणि उशीखालचा दवाखान्याचा कागद चाचपून त्यांनी काकूंपुढे धरला. "बघ जरा, यात काय लिहिलंय."

ऑपरेशनचा तिसरा दिवस होता. काकांच्या डाव्या डोळ्यावर प्लॅस्टिकची झाकणी चिकटवलेली होती. उजव्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता, त्यामुळे त्या डोळ्याला अक्षर लागत नव्हतं. काकूंनी कागद आपल्या डाव्या डोळ्याजवळ नेला. त्यांना आता तेवढा एकच होता. कागदावर ठळक छापलं होतं : दुखलं, लाल झालं, कमी दिसू लागलं, तर तासभरही वाट न पाहता या. काकूंनी ते दोनदा वाचलं, कागदाची नीट घडी घातली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

खोटं बोलणं त्यांच्या नेमात बसत नव्हतं. म्हणून कागदात काय आहे ते त्यांनी सांगितलंच नाही.

"त्रास वाढतोय ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग उत्तम. वाढतोय म्हणजे औषध लागू पडतंय."

हे वाक्य काकांचंच होतं.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी होमिओपॅथीची दोन जाडजूड पुस्तकं आणि चौसष्ट बाटल्यांची लाकडी पेटी आणली होती. सर्दीपासून संधिवातापर्यंत ते कुणाला नाही म्हणत नसत, आणि मोतीबिंदू तर त्यांचा खास लाडका. दोन वेळा डोळ्यात थेंब, जिभेवर चार गोळ्या, की पडदा साखरेसारखा विरघळलाच म्हणून समजा. काकूंच्या उजव्या डोळ्यावर त्यांनी ही विद्या दोन वर्षं चालवली. दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हटलं, की उत्तम. माणसांचे चेहरे पुसट झाले म्हटलं, की फारच उत्तम, रोग बाहेर पडतोय. शेवटी लेकीने दवाखान्यात नेलं, तेव्हा मोतीबिंदू पिकून डोळ्यात दाब वाढला होता आणि आतली नस कामातून गेली होती. काका तेव्हा एवढंच म्हणाले, की तुझी प्रकृतीच औषधाला साथ देत नाही, त्याला मी काय करणार.

काकूंनी तेही गिळलं. चार वर्षं गिळलं. पण गेल्या महिन्यात काकांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि त्यांनी आठ दिवसांत ऑपरेशनची तारीख घेतली. पेटीतल्या एका बाटलीचं बूचसुद्धा काढलं नाही. शेजारीपाजारी मात्र भावाकडे गावाला चाललोय असं सांगितलं. हे काकूंच्या जिव्हारी लागलं.

"पुरे झाली थट्टा," काका म्हणाले. "गाडी बोलाव."

"इतकी घाई कशाला? मी केली होती का कधी घाई?"

काका पलंगाच्या कडेने फोन चाचपू लागले. फोन काकूंच्या मांडीवर होता. डोळा गेला तर मी करायचं काय, असं ते दोन-तीनदा पुटपुटले. ते पुटपुटणं काकूंना गोड लागलं. रोज दोन्ही वेळा देवापुढे हात जोडणाऱ्या बाईला त्याची लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. वरच्या मजल्यावरची शिकवणीवाली होती. तिच्या आईची थेंबांची बाटली संपली होती. काकांनी आतून हातानेच खूण केली, मी घरात नाही म्हणून सांग. काकूंनी फोन हातात घेऊनच दार सताड उघडलं, तिला थेट पलंगापाशी आणून उभं केलं आणि त्या पुन्हा खुर्चीत बसल्या.

शिकवणीवाली आधी आपलंच सांगत सुटली. आईला या महिन्यात फारच कमी दिसायला लागलंय, डोकंही ठणकतं, पण काकाच म्हणाले होते ना, की वाढलं म्हणजे... मग तिची नजर त्या झाकणीवर गेली आणि तिचं बोलणं अर्ध्यावरच राहिलं.

"काका, तुम्ही ऑपरेशन केलंत?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी फोन या हातातून त्या हातात घेतला. काकांना पुसट का होईना, ते दिसलं.

"केलं," काका म्हणाले. "आईला आजच्या आज घेऊन जा. माझ्या थेंबांनी मोतीबिंदू जात नाही."

"मग काकूंचा डोळा?"

पोरीने ते भाबडेपणानेच विचारलं होतं. काकू खुर्चीत ताठ बसून होत्या. एवढ्या एका उत्तरासाठी त्या आणखी चार वर्षंही बसल्या असत्या.

"तो मी घालवला," काका म्हणाले.

फोन वाजला. काकूंनी तो कानाला लावला. पलीकडून गाडीवाल्याचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता. दवाखान्यात जायचंय म्हणाला होतात ना, मी खाली फाटकापाशी उभा आहे.

"पंचवीस मिनिटं लागतील म्हणाला होतात, अगदी वेळेवर आलात," काकू म्हणाल्या.

काकांनी मनातल्या मनात वेळ मोजली. पंचवीस मिनिटांपूर्वी त्यांनी टोचतंय म्हणून तोंडही उघडलं नव्हतं. काकू तेव्हा त्यांच्या डोळ्यात सकाळचं औषध घालून, तो डोळा जवळून निरखून, काही न बोलता फोन घेऊन बाल्कनीत गेल्या होत्या.

काकूंनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि फोनवर, त्याच हळू आवाजात म्हणाल्या, "आता पाच मिनिटं जास्त थांबा. पेशंट दोन आहेत."