पंखावरचा ठसा

"वाळेपर्यंत हात लावायचा नाही," बाबांनी बजावलं. म्हणून चार्वीने वाळलंय का ते बघायला, दोघांनी मिळून जोडलेल्या छोट्या विमानाच्या निळ्या पंखावर अंगठा टेकवला. ठसा उमटला. "आता हे माझंपण झालं," ती खुशीत म्हणाली.

बाबाही हसले. पण रविवारी त्यांचा मित्र विमान बघायला येणार होता, आणि त्याने बनवलेलं जहाज म्हणे अगदी खऱ्यासारखं होतं. चार्वी शाळेत गेल्यावर बाबांनी पंख पॉलिशपेपरने घासला आणि रंगाचा नवा हात दिला.

मित्राने तोंडभर कौतुक केलं. "आमच्या चार्वीनेही हातभार लावलाय बरं का," बाबा मोठ्या मनाने म्हणाले.

चार्वी पंख निरखत होती. "नाही काका, हे बाबाने एकट्यानेच केलंय."

संध्याकाळी ती खेळायला गेल्यावर बाबांनी पंखाला पुन्हा रंग लावून त्यावर स्वतःची करंगळी टेकवली. ती येताच म्हणाले, "हा काय, इथेच तर आहे तुझा ठसा."

चार्वीने त्यांचा हात उलटा करून पाहिला. करंगळी निळी होती.

"हा तुझाय, बाबा," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "असू दे. वाळेपर्यंत हात लावू नकोस."