वाक्यातला कर्ता

तेजसने खिशातून घडीचा कागद काढला आणि एका दमात वाचून टाकला. "त्या दिवशी तालमीच्या वेळी विंगेत जे काही घडलं, त्यामुळे तुझ्या भावना दुखावल्या गेल्या असतील तर माझ्याकडून दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे."

मराठी विभागाच्या त्या खोलीत चौघंच होते. बैठक कल्याणी मॅडम चालवत होत्या; एरवी त्या व्याकरण शिकवतात आणि त्यांच्या तासाला डुलकी काढायची कुणाची छाती होत नाही. सुमय्याच्या शेजारी तिची आई रशीदा बसली होती, कसबा पेठेतलं शिवणाचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून. तेजसने सुमय्याला विंगेत धरून बळजबरीने तिचं चुंबन घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी नाटकाच्या ग्रुपला सांगितलं होतं की तिचीही ना नव्हती. सुमय्याने नाटक सोडलं. कॉलेजच्या तक्रार समितीने रीतसर चौकशीचा रस्ता तिच्यासाठी मोकळा ठेवला होता, पण आधी समोरासमोर बसायचं असं तिनेच म्हटलं. तिला नाटक परत हवं होतं, आणि तेजसच्या तोंडून जे खरं ते. त्याशिवाय तालमीच्या हॉलची पायरी चढायची नाही, हे तिचं ठरलेलं.

"मॅडम," ती म्हणाली, "यात कर्ता कुठे आहे?"

मॅडमनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत पाहिला. कुठेच नाही, म्हणाल्या. सोसायटीत उद्या पाणी येणार नाही अशी पाटी लागते, तीसुद्धा यापेक्षा जबाबदारीने लिहिलेली असते. मग त्यांनी कागद पालथा करून पेनासकट त्याच्यापुढे सरकवला. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी'ने करायची.

मी तिथे होतो, असं तेजसने लिहिलं. तिथे झाडूपण होता, सुमय्या म्हणाली. मी भावनेच्या भरात वाहवत गेलो, असं त्याने लिहिलं. विंगेत पूर आला होता का, असं मॅडमनी अगदी गंभीरपणे विचारलं. रशीदाने हसू लपवायला पदर तोंडाशी धरला.

सुमय्यालाही हसू येत होतं आणि त्याचंच तिला नवल वाटत होतं. गेले दोन महिने प्रत्येक वाक्यात कर्ता तीच होती. सुमय्याने गैरसमज करून घेतला. सुमय्याने बाऊ केला. सुमय्याने ऐन वेळी नाटक सोडलं.

तेजस आता हळूहळू लिहायला लागला आणि लिहील तसं वाचायला. "मी तुला धरलं. मी तुझं चुंबन घेतलं. मी ग्रुपला खोटं सांगितलं." दर वाक्याला त्याचा आवाज खाली जात होता. "तू 'सोड' म्हणालीस."

"दोनदा."

म्युझिक मोठं होतं, मला काहीच ऐकू आलं नाही, असं त्याने समितीला लिहून दिलं होतं. त्याने पेन खाली ठेवलं आणि बैठकीत पहिल्यांदाच सुमय्याकडे पाहिलं.

"मला ऐकू आलं होतं."

मग सवयीने मॅडम म्हणाल्या, "सुरुवात 'मी'ने..."

"राहू दे, मॅडम," सुमय्या म्हणाली. "हे असंच राहू दे."

तिला एकदम मोकळं वाटलं. भूकही लागली. सकाळपासून पोटात काही नाही, हे तिला आत्ता आठवलं.

तेजसने कागद त्याच दिवशी ग्रुपसमोर वाचायचा आणि यंदाच्या नाटकात पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. पाच वाजता तेजसने एकोणीस जणांसमोर तो वाचला, एकही ओळ न गाळता. मग सॅक उचलली आणि निघून गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

ग्रुपमधली अपेक्षा नाटक बसवत होती. तिने घसा साफ केला. "सुमय्या, आमच्याकडूनही..." म्हणाली आणि थांबली. "आम्ही त्याचं ऐकलं. तुला विचारलं नाही."

सुमय्याने मान हलवली आणि आपला प्रवेश कुठून, ते विचारलं. तिचं काम खानावळवाल्या काकूंचं होतं. जेवणाची पंगत बसलेली असताना वीज जाते आणि काकू येतात. सगळे जागेवर बसले. हॉलचे दिवे गेले, विंगेतली ट्यूब मात्र कुणीतरी तिच्यासाठी मुद्दाम चालू ठेवली होती.

"ती ट्यूब बंद करा," आतून सुमय्या म्हणाली. "माझी एन्ट्री अंधारातून आहे."

ट्यूब गेली. क्षणभर काहीच दिसेना. मग शेवटच्या खुर्चीपर्यंत खणखणीत आवाज आला.

"दिवे गेलेत, माझे डोळे गेले नाहीत. ठेव ती पोळी खाली!"