बालसभासद

दौलतरावांनी सत्तर वर्षांच्या आयुष्यात कोणापुढे हात पसरला नव्हता. सोमवारी सकाळी अकरा वाजता त्यांनी तो गावच्या वाचनालयात राखीच्या टेबलापुढे पसरला.

"पाचवा भाग आला काय, पोरी?"

"नाही आला काका. रंजीताकडं हाये."

"वीस दिस झाले! पाठ करून राह्यली काय ते?"

"प्रज्वलले एवढी घाई काहून हाये?" राखीनं नोंदवहीतून मान वर न करता विचारलं.

"परीक्षा हाये त्याची," दौलतराव म्हणाले आणि टोपी नीट करून बाहेर पडले.

प्रज्वल म्हणजे त्यांचा नातू. तो पुण्याला इंग्रजी शाळेत चौथीत होता आणि मराठीची एक ओळ वाचताना त्याला घाम फुटायचा. पण बालविभागाचं कपाट फक्त बालसभासदांसाठी उघडतं, असा वाचनालयाचा नियम होता. दौलतराव गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. नियम मोडणं त्यांना शोभलं नसतं. म्हणून त्यांनी प्रज्वलच्या नावाचं कार्ड काढलं. त्या कार्डावर प्रज्वलनं वर्षभरात त्रेचाळीस पुस्तकं वाचली होती. उडणारे रेडे, बोलणारी भुयारं, जादूचे पाटे, सगळं.

त्यात 'सात दारांचा डोंगर' हे प्रकरण वेगळं होतं. एकूण भाग पाच. चौथ्या भागाच्या शेवटी मैना नावाची बारा वर्षांची मुलगी डोंगरातल्या काळ्या विहिरीत उतरते, वरून दोर करकरतो आणि पुस्तक संपतं. दौलतरावांनी तुरीच्या सोंगणीतही तो दोर ऐकला. जेवताना ऐकला. रुख्मिणीबाई म्हणाल्या, "कोणाची चिंता करून राह्यले?" त्यांनी सांगितलं, "एक पोरगी अडचणीत हाये." बाईंना वाटलं, तंटामुक्तीची केस असेल.

आणि त्यात ही रंजीता. तिची ओळख समासात झाली होती. दुसऱ्या भागात मैनाला नदीपार नेणारा म्हातारा नावाडी येतो, तिथं कोणी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'याचा भरोसा नाही.' पुस्तकाच्या चिठ्ठीवर त्यांच्याआधी एकच नाव होतं, रंजीता. दौलतरावांनी त्या ओळीखाली लिहिलं, 'नियत साफ हाये. धीर धर.' महिन्यानं काही कारण नसताना त्यांनी तो भाग पुन्हा नेला. खाली उत्तर होतं, 'पाहू.' मग तिसऱ्या भागात वाद झाला, चौथ्यात थोडा समेट. चौथ्याच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं होतं, 'विहिरीत उतरायच्या आधी दोर ताणून पाहावं लागते. हिच्या बापानं इतकंही शिकवलं नाही.' दौलतरावांनी ते तीनदा वाचलं. शेतकऱ्याच्या घरची पोर दिसते, आणि काय डोकं! नऊ वर्षांत त्यांच्याशी इतकं मोकळं कोणी भांडलं नव्हतं. अध्यक्षाशी कोण भांडतो?

रंजीता कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. ते विचारलं असतं, तर राखीनंही प्रज्वल कधी येतो, ते विचारलं असतं.

नऊ वर्षांपूर्वी भांडणारा एक होता. फुलचंद. दोघांची शेतं लागून, विहीर समाईक. मोटार लावायची पाळी कोणाची, यावरून एका उन्हाळ्यात बोलणं बंद झालं ते झालं. तेव्हापासून फुलचंदकडे लग्न झालं, बारसं झालं, दौलतरावांना आवतन आलं नाही. तंटामुक्ती अध्यक्षांनी गावातले एकतीस तंटे मिटवले. बत्तिसावा त्यांचा स्वतःचा होता आणि त्याचा अर्ज कोणी दिला नव्हता.

रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन होता. पाहुणे अर्थात दौलतराव. राखीनं नोंदवही उघडली आणि माईकवर जाहीर केलं, "बालवाचक, पहिला नंबर, प्रज्वल! त्रेचाळीस पुस्तकं!"

"नातू पुण्याले हाये," दौलतराव म्हणाले. "मीच घेतो." त्यांनी उजव्या हातानं बक्षीस दिलं आणि डाव्या हातानं घेतलं. मंडपातल्या म्हाताऱ्यांनी फार जोरात टाळ्या वाजवल्या.

"दुसरा नंबर, रंजीता! बेचाळीस पुस्तकं!"

दौलतरावांनी खिशातली नवी पेन्सिल चाचपली. ती त्यांनी केनवडच्या बाजारातून खास आणली होती. लाल, मागं खोडरबर असलेली. पोरीच्या डोक्यावर हात ठेवायचा, पेन्सिल द्यायची आणि कानात दोराचं विचारायचं, इतकं त्यांनी ठरवलं होतं. समोरच्या सतरंजीवर बसलेल्या मुलींमधून कोण उठते, ते पाहायला ते खुर्चीच्या टोकावर आले.

मुलींमधून कोणी उठलं नाही. मागच्या रांगेतून फुलचंद उठला. त्याच्या काखेत पाचवा भाग होता.

तो मंचावर येऊन उभा राहिला. नऊ वर्षं दोघांपैकी कोणी एकमेकांपुढं तोंड उघडलं नव्हतं, आता पहिल्यांदा कोण उघडतो, याकडं गावाचं लक्ष होतं.

"रंजीता कुठी हाये?" दौलतरावांनी विचारलं.

"घरी झोपली हाये. नात हाये माही."

"इतकं वाचते?"

"वाचते ना. तुह्या प्रज्वलसारखीच."

दौलतरावांनी खिशातून पेन्सिल काढली, तिच्याकडं पाहिलं, फुलचंदकडं पाहिलं. मग माईकवर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाले, "दोर तुटते काय रे?"

फुलचंदनं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं आणि पेन्सिल काढून घेतली.

"मी कायले सांगू? घे. आता पाळी तुही."

रंजीताला त्या दिवशी अकरावा महिना लागला होता.