वॉरनच्या गाडीचा आवाज

"हा टाकून दे," मदतीला आलेला दोस्त मर्ल म्हणाला. "पार झिजलाय."

ग्लेनने कॅमशाफ्ट उजेडात धरला. इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारा तो दांडा जागोजाग खरवडला होता. पिस्टन नवे घ्यायचे, बेअरिंग नवी, कार्ब्युरेटर जुनाच धुऊनपुसून बसवायचा, एवढं ठरलं होतं. घोडं अडलं ते इथं.

ओहायोत बर्फ पडायला महिना होता, आणि डॉक्टरांनी आईला तेवढेही दिवस दिले नव्हते. डोळे तर ग्लेनच्या जन्माआधीच गेलेले. तिचं एकच मागणं होतं, "तुझ्या बाबांची गाडी एकदा सुरू कर रे. जाण्याआधी ऐकू दे."

तिचा नवरा वॉरन जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. त्याची अडुसष्टची पाँटियाक गोठ्यात धूळ खात होती. एके काळी तो तिला शर्यतीत पळवायचा. मग ग्लेनची बहीण लिन घरासमोरच्या वळणावर सायकलसकट एका गाडीखाली गेली. गाडीवाला कधी सापडला नाही. वॉरनने शर्यतीचं नाव टाकलं ते टाकलंच. पुढे गाडी निघायची ती रविवारी चर्चला.

"कॅटलॉगमधला साधा मागव," मर्ल म्हणाला. "सोमवारी हातात."

ग्लेनने बाबांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी सापडलेलं पुडकं सोडलं. तेलकट फडक्यात शर्यतीचा कॅमशाफ्ट होता.

मर्लने त्यावर बोट फिरवलं. "हा जेमतेम एखादा दिवस चाललाय. म्हाताऱ्याने काढला कशाला?"

"लिन गेली नि मन उडालं असेल."

"पण आवाज बदलेल, गड्या. कॅम म्हणजे माणसाचा खोकला. भिंतीपलीकडून ओळखू येतो."

"बाबांनी स्वतः निवडलेला सोडून दुकानातला बसवू? आईला अस्सल ते ऐकू दे."

मर्लने पाना उचलला. जुन्या गाड्यांच्या वेडात अस्सल म्हटलं की पुढे बोलायची सोय नसते, आणि तोही त्याच वेडातला.

शनिवारी आईला शालीत गुंडाळून गोठ्याच्या दारात बसवलं. ग्लेनने मनातल्या मनात हात जोडले आणि किल्ली फिरवली. इंजिन दोनदा ठसकलं आणि पेटलं. अडखळती, खोल गुरगुर गोठाभर घुमली. पत्रे थरथरले. ग्लेनला रडू आवरेना. आयुष्यात एक काम तरी धड झालं होतं.

त्याने जवळ जाऊन आईचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

"ऐकलंस, आई?"

"ऐकलं." तिची नखं त्याच्या मनगटात रुतली. "त्या संध्याकाळीही ऐकलं होतं, ओट्यावर बसून. हा आवाज मी विसरेन होय?"

"कुठल्या संध्याकाळी?"

"ही तुझ्या बाबांची गाडी नाही, ग्लेन. कुणाची उचलून आणलीस? पोलिसांना बोलाव. माझ्या लिनला चिरडून पळाली ती हीच."