वास घेणारा

"तोंड उघड, भाऊ. आते ‘हा’ कर," झुलाल म्हणाला.

अभिमनने तोंड उघडलं, पण श्वास काही बाहेर सोडवेना. तासाभरापूर्वी गोठ्यात बैलांची शिंगं रंगवता रंगवता त्याने अर्धी बिडी ओढली होती. अर्धीच. मग दोनदा राखुंडीने दात घासले, कच्चा कांदा खाल्ला, वर मूठभर जिरं चावलं. एवढं करूनही धूर जिभेवर तसाच बसलाय असं त्याला वाटत होतं.

बाहेर पोळ्याची वाजंत्री वेशीकडे निघाली होती. दावणीला त्याची जोडी झूल पांघरून, गोंडे बांधून उभी होती. गावच्या पोळ्यात वेशीतून पहिली जोडी जायची ती अभिमनच्या घरची, थोरल्या पातीची. चार पिढ्या असंच चाललं होतं. आणि चार पिढ्या तिच्या मागे दुसरी जोडी जायची ती चुलतघराण्याची, म्हणजे झुलालची.

हा वास घेण्याचा उपद्व्याप साक्रीच्या डॉक्टरांचा. बिडीने अभिमनच्या पायाच्या नसा बंद पडल्या होत्या. धुळ्याला नेऊन डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. "आता ओढाल तर गुडघ्यापासून कापावा लागेल," असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा गडी हो हो म्हणाला आणि दवाखान्याच्या पायरीवरच त्याने बिडी पेटवली. गुडघा जायचा तो कधीतरी, बिडी तर आत्ता हातात!

पण डॉक्टर वस्ताद माणूस. त्यांनी पोलीस पाटील भाईदास आबांना मधे घातलं आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी चारचौघांत अभिमनकडून वदवून घेतलं: पोळ्यापर्यंत एक जरी बिडी ओढली, तरी पहिल्या जोडीचा मान झुलालचा. रोज वास घ्यायला बायको नको, ती पांघरूण घालील. झुलालच घेईल. "ज्याचा फायदा, त्याचं नाक तिखट," डॉक्टर म्हणाले होते. आणि खरंच, पायाच्या भीतीने जे झालं नाही, ते झुलालच्या भीतीने झालं. चार महिने अभिमनने बिडीला हात लावला नाही. आज शेवटचा वास होता, आणि आजच माती खाल्ली होती.

"हा कर ना, भाऊ."

अभिमनने डोळे मिटले आणि श्वास सोडला.

झुलालने नाक पार त्याच्या ओठांशी आणलं. एकदा हुंगलं. थांबून पुन्हा हुंगलं. दाराआड त्याची बायको मंजुळाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

अभिमनने डोळे उघडले. झुलालच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. वास आला होता, त्याच्या नजरेत ते लख्ख दिसत होतं.

"वास नही," झुलाल मोठ्याने म्हणाला. "मान तुन्हाच शे, भाऊ. सोड बैल."

मंजुळाबाई देवाचं नाव घेत ओवाळायचं ताट आणायला आत धावली. अभिमनला रडूच फुटायचं बाकी होतं. जन्मभर आपण या माणसाला पाण्यात पाहिलं! तो झुलालचा हात धरायला गेला, तोवर झुलालने आपल्या खिशातलं बिड्यांचं बंडल काढून त्याच्या खिशात सरकवलंसुद्धा. वर आगपेटीही ठेवली.

"वढ निवांत," तो हळूच म्हणाला. "यंदा तू. आज मान लिधा ते तू बिडी सोडशी, नि मान परत मांगशी. पुढला पोयाले तू खाटवर व्हशी. कुबडीवर कोन बैलसना संगे पळस? मंग मान कायमना मन्हाच. माले कसानी घाई शे?"

आणि हसत हसत तो स्वतःचे बैल आणायला गेला.

अभिमनची नजर डाव्या पायाच्या तुटक्या बोटांकडे गेली. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलेला गुडघा त्याला आज पहिल्यांदा खरा वाटला. त्या गुडघ्याची वाट बघणारा माणूस त्याने आत्ता डोळ्यांनी पाहिला होता.

वेशीत तोरणाखाली भाईदास आबांनी पहिल्या जोडीला खूण करायला हात वर केला, तेव्हा अभिमन कासरा धरून जागचा हलला नाही.

"थांबा, आबा. मी बिडी वढी. आजच, गोठामा."

वाजंत्री बंद पडली.

"नही, आबा!" झुलाल मागून ओरडला. "मी सोता वास लिधा. काहीच नही व्हतं!"

"त्याले वास उना व्हता," अभिमन म्हणाला.

ठरल्याप्रमाणे आबांनी झुलालची जोडी पुढे घ्यायला सांगितली. झुलाल बैल घेऊन पुढे आला. चार पिढ्यांनी घरात मान आला होता, पण गड्याच्या तोंडावर आनंद काही दिसेना.

अभिमनने खिशातलं बंडल काढून आबांच्या हातावर ठेवलं.

"आबा, पुढला पोयापर्यंत परत बोली करू. आते दुसरी जोडीना मान लावस. पन वास लेवाले असा मानूस द्या, ज्याले मन्हा मान नको."

आबांनी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत सगळं गाव कासरे धरून उभं होतं. जो तो खाली बघून आपल्या बैलाच्या गोंड्याची गाठ नीट करू लागला.