फोटोपुढची मेणबत्ती

"आधी तो फोटो काढून टाक. मग खोली रिकामी कर. आजच्या आज."

शिंपीमास्तरांचा आवाज टिपेला पोचला होता. समोर, दुकानावरच्या खोलीत राहणारा त्यांचा भाडेकरू मान खाली घालून उभा होता. परमुलखातला माणूस, बेकरीत भट्टीवर कामाला. त्याच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये मास्तर. भोवती पांढरी फुलं, पुढे पेटलेली मेणबत्ती. खाली त्याच्या लिपीत दोन ओळी, ज्या इथल्या कुणाच्या बापाला वाचता येत नव्हत्या. पण फुलं आणि मेणबत्ती सगळ्यांना बरोबर कळली होती. त्याने स्टेटसला लावलेला तो फोटो सकाळपासून या फोनवरून त्या फोनवर फिरत होता.

लोक हळहळत दुकानात फोन करत आणि खुद्द मास्तरांचा आवाज ऐकून घाईघाईने ठेवून देत. एक गिऱ्हाईक अर्धवट शिवलेला कोट परत न्यायला आलं, ते मास्तरांना मशीनवर बसलेलं बघून दारातूनच पळालं. जो तो डोकावू लागला तेव्हा मास्तरांनी शटर अर्धं खाली ओढलं. चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला या मेल्याने जिवंतपणी पोचवलं होतं!

"आमच्याकडं माणूस आजारातून उठला, की असंच करतात," भाडेकरू चाचरत म्हणाला. "फुलं, मेणबत्ती. खूप जगावा म्हणून. खाली तेच लिहिलंय, मास्तर."

"तुमच्याकडचं तुमच्याकडं ठेव! इथं मेलेल्याचा फोटो असा लावतात." मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली. एक ठेवूनच द्यावी असं त्यांना वाटत होतं. पण मागे छातीत कळ आली तेव्हा याच माणसाने त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखाना गाठला होता. तेवढ्यासाठी त्यांनी हात आवरला. जीभ काही आवरली नाही.

"माझं मरू दे. माझा धाकटा भाऊ! त्याने बघितलं असेल तर? रक्ताचं माणूस आहे ते, तुझ्यासारखं उपरं नाही. दवाखान्यात यायला सुट्टी मिळाली नाही, तर फोनवर रडला बिचारा. आणि आज सकाळपासून फोन उचलत नाहीये. त्याला काही झालं ना, तर तुला सोडणार नाही मी."

आईबाप गेल्यावर मास्तरांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं धाकट्याला. भाडेकरूने फोटो काढून टाकायला अंगठा उचलला.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

"हे बघा, शटर अर्धं उघडंच," ओळखीचा आवाज आला. "वरचा भाडेकरू बसला असेल आत. सकाळपासून दादाच्या फोनवरून तोच मला फोन लावतोय. मी उचललाच नाही. आधी त्याला हाकलू, मग खालचं आणि वरचं, दोन्ही कुलपं बदलून टाका."

"मालक कुठायत?" दुसऱ्या कुणीतरी विचारलं.

"मालक गेले. आता मीच मालक."

शटरखालून वाकून धाकटा भाऊ आत आला. त्याच्यामागे हत्यारांची पिशवी घेतलेला किल्लीवाला. भावाने मान वर केली. समोर गळ्यात टेप अडकवलेले मास्तर.

"दादा!" तो किंचाळला. डोळ्यांत पाणी आणायला त्याला जरा वेळ लागला. तो वेळ मास्तरांनी नीट बघून घेतला.

"मग कुलपं बदलायची की नाही?" किल्लीवाल्याने विचारलं.

मास्तर मशीनपुढच्या स्टुलावर बसले. भाडेकरूचा अंगठा अजून फोटोवरच होता. मास्तरांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे तो," ते म्हणाले. "अजून कोण कोण येतंय, बघू."